वस्त्रे, सनदा आणि शिरस्ता : मराठी राज्याची अलिखित घटना आणि नागपूरकर भोसले

प्रास्ताविक

२४ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूर येथे अप्पासाहेब भोसले यांनी पेशवे दुसरे बाजीराव यांच्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे समारंभपूर्वक स्वीकारली. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी या समारंभास उपस्थित राहण्याचे नाकारले. त्यांच्या दृष्टीने यात करारभंग होता आणि केवळ कागद पाहिले तर त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याच वर्षी १३ जून रोजी झालेल्या पुण्याच्या तहान्वये बाजीरावांनी मराठा सरदारांवरील आपल्या वडीलकीचा त्याग केला होता. तर मे १८१६ मधील तैनाती फौजेच्या तहाने नागपूर दरबाराने इतर सत्तांशी स्वतंत्र व्यवहार न करण्याचे मान्य केले होते. म्हणजे वस्त्रे पाठविणाऱ्यास ती पाठविण्याचा लेखी अधिकार उरलेला नव्हता आणि स्वीकारणाऱ्यास ती स्वीकारण्याचा नव्हता. शिवाय ५ नोव्हेंबरच्या खडकीच्या लढाईनंतर पेशव्यांना पुणेही सोडावे लागले होते. अशा पेशव्यांनी पाठविलेल्या वस्त्रांचा समारंभ नागपुरात झाला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी सीताबर्डीची लढाई उभी राहिली.

युद्ध दाराशी आले असता राज्यकर्ता दारूगोळा, घोडदळ आणि पैका यांची चिंता करील हे समजण्यासारखे आहे. परंतु अप्पासाहेबांना त्या घाईत वस्त्रांची निकड का भासली? आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तके या प्रसंगाची नोंद एका वाक्यात करून सीताबर्डीकडे वळतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रसंग मराठी राज्याच्या घटनेचा प्रश्न आहे. ही घटना कोणत्याही एका ग्रंथात लिहिलेली नव्हती. तथापि ती होती. तिचे नियम कोठून येत, ते कोण पाळी आणि कशासाठी पाळी, याचा विचार भोसल्यांच्या उदाहरणावरून करणे हा या लेखाचा हेतू आहे. भोसल्यांची निवड केवळ आपला भंडारा जिल्हा त्यांच्या राज्यात होता म्हणून केलेली नाही. साताऱ्यापासून सर्वांत दूर, स्वतःची फौज व स्वतःचा महसूल असलेले आणि पेशव्यांशी वारंवार भांडलेले हे घराणे होते. अलिखित नियमाची कसोटी, तो मोडण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे त्याच्याच वर्तनात लागते.

‘अलिखित’ म्हणजे काय?

पदवी वर्गात इंग्लंडची राज्यघटना शिकविताना ती ‘अलिखित’ आहे असे आपण सांगतो आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरवितात. वस्तुतः हा शब्द दिशाभूल करणारा आहे. १२१५ ची महासनद, १६८९ चा हक्कांचा कायदा, १७०१ चा वारसा कायदा, १९११ व १९४९ चे पार्लमेंट कायदे हे सर्व लेखीच आहेत. इंग्लंडची घटना एका संहितेत बांधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. या विखुरलेल्या लेखांच्या मधल्या जागा संकेतांनी भरल्या जातात. पंतप्रधान हे पद तर दीर्घकाळ संकेतावरच उभे होते. रॉबर्ट वॉलपोल १७२१ मध्ये सत्तेवर आला, त्यास पहिला पंतप्रधान मानले जाते. परंतु संसदेच्या कायद्यात त्या पदाचा उल्लेख येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. वॉलपोलच्या आदल्याच वर्षी, १७२० मध्ये, एकोणीस वर्षांच्या बाजीरावास शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे दिली. पेशवेपद वडिलांमागून मुलाकडे जावे असा कोणताही नियम नव्हता. शिवकालीन अष्टप्रधानांची कामे राज्याभिषेकाच्या वेळच्या कानूजाबत्यात सांगितली आहेत. न्यायाधीश व पंडितराव वगळता इतर प्रधानांनी युद्धप्रसंगी मोहिमेवर जावे असा दंडकही होता. त्यात पेशवा हा इतर सात जणांचा धनी नव्हता. पेशवेपद पिंगळे घराण्यात चालत आले होते. १७१३ मध्ये बहिरोपंत पिंगळे यांच्या जागी बाळाजी विश्वनाथ आले तेव्हा ते भट घराण्यात गेले. बाजीरावाच्या नेमणुकीस दरबारातून विरोध झाला. १७४० मध्ये बाळाजी बाजीरावाच्या वेळी तो अधिक उघड झाला आणि त्यात रघुजी भोसले प्रमुख होते. पहिल्या नेमणुकीत गुण पाहिला गेला, दुसऱ्या नेमणुकीत वडिलांची सेवा पाहिली गेली आणि तिसऱ्या नेमणुकीपर्यंत तो शिरस्ता झाला. चौथ्या वेळी, १७६१ मध्ये, सोळा वर्षांच्या माधवरावांना वस्त्रे मिळाली, तेव्हा पेशवा भट घराण्यातील असावा की नाही हा प्रश्नच कोणी विचारला नाही.

शिरस्ता कोठून येतो?

मराठी कागदपत्रांत ‘शिरस्ता’, ‘वहिवाट’, ‘भोगवटा’, ‘दस्तूर’, ‘मामूल’ हे शब्द पदोपदी भेटतात. गावच्या पाटीलकीच्या वादात, मठाच्या इनामात, सरदाराच्या सरंजामात आणि गादीच्या वारशात भाषा एकच असते : पूर्वी चालत आले तसे चालवावे, नवे काही काढू नये. निवाडा मागणारा आधी कागद दाखवितो. कागद नसेल तर साक्षीदार आणतो. साक्षीदारही पुरे पडले नाहीत तर दिव्य करतो किंवा देवापुढे शपथ घेतो. गोतसभेपुढील महजरात हे सर्व टप्पे दिसतात. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची सविस्तर मांडणी केली आहे. तथापि हीच पद्धत गावकीतून वर चढत थेट सिंहासनापर्यंत पोहोचली होती, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे वाटते.

आपल्या भागातील वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. भंडारा-गोंदिया परिसरातील तलावांच्या पाण्याची पाळी, पाळ बांधण्याचे श्रम, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचविण्याची जबाबदारी हे सारे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालले. एकोणिसाव्या शतकातील जमाबंदीत गावोगावच्या या चाली वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदल्या गेल्या. नोंद झाल्याने त्यांना पुरावा मिळाला. मात्र गावाने काळानुरूप चालीत बदल करण्याची जी मोकळीक होती ती आकसली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलावांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव उरले आणि पाण्याचे भांडण दप्तरातल्या ओळीवर आले. नियम लिहिल्याने काय मिळते व काय जाते याचे हे घरचे उदाहरण येथे केवळ जाता जाता दिले.

ताटातील घटना

भोसले आणि सातारची गादी यांच्या संबंधात जेवणाचे दोन प्रसंग येतात. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले तेव्हा ते खरे शाहू की तोतया, अशी शंका ताराबाईंच्या पक्षाने उठविली. परसोजी भोसले यांनी शाहूंसह एका ताटात जेवून ती शंका दूर केली, असे परंपरा सांगते. शाहूंनी परसोजींना ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब व वऱ्हाड-गोंडवनाकडील अधिकार दिले.

दुसरा प्रसंग १७५० च्या सुमाराचा. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा गादीवर बसावयाचा होता. रघुजी भोसले साताऱ्यास आले, तेव्हा त्यांनी अट घातली की, ताराबाईंनी मराठमंडळींसमक्ष रामराजासह जेवावे आणि त्या अन्नावर हात ठेवून हा माझा नातू असे सांगावे. ग्रँट डफने हा प्रसंग दिला आहे. वाचताना तो विचित्र वाटतो. बंगालपर्यंत फौजा नेणारा सरदार राज्याच्या वारशाचा निर्णय पंगतीवर सोपवितो! परंतु रघुजींपुढे दुसरा मार्ग कोणता होता? वारसा ठरविणारे न्यायालय नव्हते, प्रतिनिधिसभा नव्हती, वारशाचा कायदा नव्हता. जे होते ते गोत. सोयरिक, वतन, जातीतला मान यांचे निर्णय जेथे होत, तेथूनच गादीचाही निर्णय घ्यावा लागला. इंग्लंडने १७०१ मध्ये वारसा कायद्याने जो प्रश्न सोडविला, तो मराठी राज्याने गोताच्या पंगतीने सोडविला.

आणि नेमका येथेच त्या घटनेचा दुबळेपणाही दिसतो. ज्या ताराबाईंच्या शब्दावर रामराजा गादीवर बसला, त्यांनीच १७५० च्या अखेरीस त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस देवापुढे शपथपूर्वक सांगितले की, हा आपला नातू नव्हे. साक्षीदारानेच साक्ष फिरविली तर काय करावे, याचे उत्तर गोतसभेच्या शिरस्त्यात नव्हते. पेशव्यांनी रामराजास दूर केले नाही. राजा खरा की खोटा हा वाद राहू द्यावा, राजा असावा एवढे पुरे, असे धोरण त्यांनी ठेवले. रामराजा १७७७ पर्यंत नामधारी राहिला आणि प्रत्येक पेशव्याची वस्त्रे त्याच्याच नावाने येत राहिली.

याद्या, सांगोले आणि दोन सिद्धांत

शाहूंनी मृत्यूपूर्वी बाळाजी बाजीरावांच्या नावे लिहिलेल्या दोन याद्या प्रसिद्ध आहेत. राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा, फौज ठेवावी, गादीच्या वंशाची सेवा करावी, कोल्हापूरकरांना गादीवर घेऊ नये, असा त्यांचा आशय. पुढे सप्टेंबर १७५० मध्ये सांगोले येथे रामराजाकडून कारभाराचे अधिकार पेशव्यांकडे सोपविणारा करार करून घेण्यात आला. मराठी राज्याच्या घटनेत ‘लेखी’ म्हणता येईल असा भाग शोधावयाचा तर तो हाच. परंतु याद्या मरणासन्न राजाच्या आहेत आणि करार पराधीन राजाचा आहे. त्यांना बळ मिळाले ते कागदामुळे नव्हे. राज्यातील मोठ्या सरदारांनी त्या मानल्या म्हणून मिळाले, आणि त्यांपैकी सर्वांत मोठे होते रघुजी भोसले.

रघुजींची तोवरची भूमिका सरळ होती. आपण छत्रपतींचे सेवक, पेशवेही छत्रपतींचे सेवक. दोघांच्याही सनदा एकाच शिक्क्याच्या. त्यामुळे एका सेवकाने दुसऱ्यास आज्ञा करण्याचे कारण नाही. १७४३ मध्ये बंगालच्या स्वारीवरून पेशवे व रघुजी समोरासमोर आले तेव्हा शाहूंनी दोघांना साताऱ्यास बोलावून त्यांचे प्रांत वाटून दिले. बंगाल, ओरिसा व पूर्वेकडील मुलूख रघुजींकडे. माळवा, आग्रा, अजमेर इत्यादी पेशव्यांकडे. एकमेकांच्या हद्दीत कोणी शिरू नये. घटनात्मक दृष्ट्या पाहता हा अतिशय महत्त्वाचा कागद होय, कारण त्यात दोन बरोबरीचे अधिकारी आणि त्यांच्या वर एक मध्यस्थ अशी रचना स्पष्ट दिसते. शाहूंच्या मृत्यूने त्यातील मध्यस्थच गेला. वाटणी राहिली, वाटणी करणारा राहिला नाही. यापुढे वाद झाल्यास निवाडा कोण करणार?

पुण्याचे उत्तर होते : पेशवे. नागपूरचे मनातले उत्तर होते : कोणीही नाही. या दोन सिद्धांतांतील भांडण पुढली पन्नास वर्षे चालले. रघुजींनी देवगडचे गोंड राज्य हस्तगत करूनही बुऱ्हाणशाहाचे राजेपण नावाला कायम ठेवले व त्याच्या वंशास नागपुरात मानाने वागविले, यामागे पेशव्यांच्या वडीलकीला शह देण्याचा हेतू होता, असा तर्क ब्रिटिश काळातील अभ्यासकांनी केला आहे. तो सर्वस्वी पटत नाही. स्थानिक गोंड जमीनदारांना सांभाळण्याची गरज अधिक जवळची होती. तरी एवढे खरे की, साताऱ्याकडे पाहून एक शिरस्ता आणि देवगडाकडे पाहून दुसरा, असे दोन्ही भोसल्यांनी एकाच वेळी पाळले.

वस्त्रांची गरज कोणाला?

१७५५ मध्ये रघुजी वारले. जानोजी, साबाजी, मुधोजी व बिंबाजी हे चार पुत्र. जानोजी व मुधोजी यांच्यात वारशाचा वाद पेटला आणि दोघांचीही वाट पुण्याकडे गेली. जानोजीस सेनासाहेब सुभा, मुधोजीस सेनाधुरंधर हा किताब व चांद्याकडील मुलूख, बिंबाजीस छत्तीसगड अशी व्यवस्था झाली. पेशव्यांचा अधिकार न मानण्याची परंपरा असलेल्या घराण्याने पेशव्यांचा निवाडा स्वतःहून मागावा, यात विसंगती दिसते. प्रस्तुत लेखकास वाटते की, संपूर्ण विषयाची किल्ली येथे आहे.

वस्त्रांचा उपयोग वरच्या सत्तेशी नाते दाखविण्यापेक्षा खालच्यांना बांधून ठेवण्यासाठी अधिक होता. नागपूरच्या गादीवर कोण, हे भावाभावांना, मानकऱ्यांना, पागेदारांना, किल्लेदारांना आणि कर्ज देणाऱ्या सावकारांना पटावे लागे. दोन भावांपैकी कोणाच्या सहीने वसूल द्यावा हा प्रश्न लांजी वा पवनीच्या कमाविसदारापुढे अत्यंत व्यावहारिक होता. चुकीच्या धन्यास वसूल दिला तर तो पुन्हा द्यावा लागे. वस्त्रे आली की निदान उत्तर तरी मिळे. म्हणून जो भाऊ पुण्याशी भांडे, तोही पुण्याकडून वस्त्रे मागे. इंग्लंडचा घटनापंडित डायसी याने १८८५ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, तेथील संकेत पाळले जातात, कारण ते मोडणाऱ्याची गाठ लवकरच कायद्याशी पडते : संसद बोलावली नाही तर पैसा व फौज यांची वार्षिक मंजुरी संपते. मराठी राज्यात अशी गाठ नव्हती. प्रत्येक सरंजामदाराची तिजोरी त्याच्याच घरी होती. येथे संकेत मोडणाऱ्याची गाठ पडे ती कायद्याशी नव्हे, स्वतःच्याच भावाशी.

जानोजींनी हा संकेत किती ताणला ते १७६३ मध्ये दिसते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने त्यांना सातारच्या राज्याचा कारभार मिळवून देण्याची आशा दाखविली, जानोजी निजामास मिळाले आणि पुणे लुटले-जाळले गेले. येथेही लक्षात घेण्याजोगे असे की, बंड झाले ते सातारची गादी बाजूस सारण्यासाठी नव्हे. त्या गादीच्या नावाने पेशव्यांऐवजी आपण कारभार करावा, यासाठी झाले. घटना मोडणाऱ्यालाही घटनेचीच भाषा बोलावी लागत होती. राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी जानोजी फुटून परत आले व त्याबद्दल त्यांना मोठा मुलूख मिळाला. माधवरावांनी तो पुढे वसूल केला. २३ मार्च १७६९ च्या कनकापूरच्या तहात भोसल्यांचे स्थान कलमवार लिहिले गेले : दरसाल पाच लक्ष रुपये द्यावे, पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज कमीजास्त करू नये, बोलाविले असता सहा हजार फौजेनिशी चाकरीस यावे, इंग्रज, निजाम आदी सत्तांशी परभारे बोलणे लावू नये.

कनकापूर हा मराठी राज्यातील अलिखित नात्याचा लेखी होण्याचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न म्हणावा लागेल. पण ज्या माधवरावांच्या धाकाने ती कलमे लिहिली गेली ते नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले आणि जानोजी त्यांच्याही आधी, मे मध्येच गेले होते. तह दोन व्यक्तींमध्ये होता की दोन पदांमध्ये, याचा निर्णय कोठेच लिहिलेला नव्हता.

पाचगाव

जानोजींनी मुधोजीचा मुलगा रघुजी यास दत्तक घेण्याचे ठरविले होते. त्यांच्या मृत्यूनंतर दर्याबाईंनी साबाजीचा पक्ष घेतला. नारायणराव पेशव्यांनी साबाजीस मान्यता दिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला, रघुनाथरावांनी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून मिळविली आणि मुधोजीचा पक्ष उचलला. पुढे बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारून नारायणरावांच्या मरणोत्तर जन्मलेल्या पुत्रास, तो अवघा चाळीस दिवसांचा असता, मे १७७४ मध्ये वस्त्रे आणविली. साबाजी बारभाईंस मिळाला. म्हणजे पुण्यात दोन पेशवे, दोघांजवळही साताऱ्याची वस्त्रे. नागपुरात दोन सेनासाहेब सुभे, दोघांजवळही पुण्याची मान्यता.

साताऱ्याचा राजा वस्त्रे नाकारू शकत नाही हा संकेत एव्हाना पक्का झाला होता. इंग्लंडच्या राजाने विधेयकास संमती नाकारण्याचा प्रसंग १७०८ नंतर आलेला नाही. तेथेही राजाचा नकार असाच निकामी झाला. फरक असा की, तेथे संमतीसाठी येणारे विधेयक एकच असते, कारण संसद एक आहे. साताऱ्याच्या दारात मात्र परस्परविरोधी दोन मागण्या येऊ शकत आणि दोन्हींना होकारच द्यावा लागे. नकाराचा अधिकार नसलेली मान्यता निवाडा करू शकत नाही. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे निवाडा झाला तो मुधोजीच्या हातून. रणांगणावर साबाजी मारला गेला, आणि मारणारा सख्खा भाऊ होता. नंतर पुणे दरबाराने रघुजीसच सेनासाहेब सुभा मानले.

पाचगावची कथा भाऊबंदकी म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे आणि तिच्यातून मराठ्यांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढले जातात. हे निष्कर्ष अन्यायाचे आहेत. स्वभाव सर्वत्र सारखाच असतो. इंग्लंडात गुलाबांची युद्धे तीस वर्षे चालली ती काही वेगळ्या कारणाने नव्हे. प्रश्न रचनेचा होता : वारशाचा निर्णय करणारी, दोन्ही पक्षांस बंधनकारक अशी जागा त्या घटनेत तयार झाली नाही. बारभाईंचे कारभारी मंडळ ही तशी जागा होऊ शकली असती. अल्पवयी पेशव्याच्या नावाने अनेकांनी मिळून कारभार करावा, हा प्रघात १७७४ मध्ये पडला होता. नाना फडणिसांच्या एकहाती सत्तेत तो विरून गेला. तीन वेळा पुनरावृत्ती झाली असती तर कदाचित त्याचाही शिरस्ता झाला असता.

जे कलम रद्द करण्यासाठी लिहिले गेले

आता नोव्हेंबर १८१७ कडे परत येऊ. अप्पासाहेबांची स्थिती बिकट होती. दुसरे रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्य करण्यास असमर्थ होता. अप्पासाहेब कारभारी झाले, इंग्रजांशी तह त्यांनीच केला, आणि १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळला. खुनाचा संशय अप्पासाहेबांवरच होता. इंग्रजांनी त्यांना गादीवर मान्य केले खरे, पण इंग्रजांच्या मान्यतेने नागपूरच्या मानकऱ्यांचे, अरब शिपायांचे किंवा वैनगंगेच्या खोऱ्यातील जमीनदारांचे समाधान होण्याचे कारण नव्हते. ज्याच्या हातावर चुलतभावाचे रक्त असल्याचे लोक बोलत, त्याला युद्धात लोक आपल्या मागे उभे करावयाचे होते. अशा वेळी त्याने जुन्या घटनेकडे धाव घेतली. पुणे गमावलेल्या पेशव्यांच्या वस्त्रांत फौज नव्हती, पैसा नव्हता. त्यांत शंभर वर्षांचा शिरस्ता होता.

२६ व २७ नोव्हेंबरच्या लढाईत अप्पासाहेबांचा पराभव झाला. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि त्यांच्या जागी बालवयीन तिसरे रघुजी गादीवर बसविले गेले. त्यांना गादीवर बसविले ते रेसिडेंटने. वस्त्रे ना पुण्याहून आली, ना साताऱ्याहून. त्याच वर्षी कामठ्याच्या (आज गोंदिया जिल्हा) चिमणा पटेलाने अप्पासाहेबांच्या नावाने बंड उभारले. आपल्या जिल्ह्यातील आंबागड व पवनी येथेही इंग्रज फौजांना लढावे लागले. सीताबर्डी हरल्यानंतर, पदच्युत आणि परागंदा झालेल्या राजाच्या नावाने हे लोक का उठले असावेत? महसुलाची गाऱ्हाणी होतीच. परंतु नव्या राजास कोणत्या शिरस्त्याने राजा म्हणावे, हाही प्रश्न त्यांच्यापुढे असावा, असे मानण्यास जागा आहे.

इंग्रजांना हे पुरते उमगले होते. डिसेंबर १८२६ च्या तहात त्यांनी तिसऱ्या रघुजींकडून एक वेगळे कलम लिहून घेतले. सेनासाहेब सुभा हा किताब राजाने वापरावा. मात्र सातारचा राजा व इतर मराठी सत्ता यांच्यावरील अवलंबित्व आणि त्यांच्याशी असलेला संबंध त्याने कायमचा सोडावा, आणि या पदाच्या अनुषंगाने पूर्वी पाळले जाणारे सर्व विधी व उपचार बंद करावेत. पेशवाई बुडून तेव्हा आठ वर्षे झाली होती. वस्त्रे पाठविणारा पेशवा बिठूरला पेन्शन घेऊन राहत होता. तरीही त्या उपचारांस बंदी घालण्यासाठी कलम लिहावे लागले. परसोजी भोसल्यांपासून शतकभर चाललेला हा शिरस्ता एका कागदावर सुस्पष्ट शब्दांत प्रथम लिहिला गेला तो असा, रद्द होताना.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. विधवेने दत्तक घेण्याचा प्रघात हिंदू धर्मशास्त्रात व मराठी घराण्यांत मान्य होता. दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई यांनी तो हक्क मांडण्याची शिकस्त केली, आणि रेसिडेंट मॅन्सेल यांचे मतही राज्य राखण्याकडे झुकलेले होते. डलहौसीने निराळा आधार काढला. नागपूरचे राज्य १८१७ च्या युद्धाने जिंकले गेले असून १८१८ मध्ये ते कंपनीने रघुजींस बक्षीस म्हणून दिले होते, म्हणून जुना शिरस्ता त्यास लागू नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले आणि त्याबरोबर भंडारा हा इंग्रजी जिल्हा झाला. राजवाड्यातील जडजवाहीर व पशू यांचा लिलाव झाला.